पडदा काळा का राहतो? – संगणक, चित्रफीत आणि ग्राहक

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त गोव्यातील एका तालुका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तेव्हापासून हा दिवस ग्राहकाचा दिवस ठरला. त्या काळी ग्राहकाची तक्रार म्हटली म्हणजे वजनातील खोट, तेलातील भेसळ, फार तर नव्या शिलाई यंत्राचे मोडके चाक अशा स्वरूपाची असे. खोट डोळ्यांना दिसे, हातात धरून दाखविता येई. आजची तक्रार मोठी विचित्र आहे. यंत्र नवे आहे, दिवा लागलेला आहे, पैसे पुरते मोजलेले आहेत. तथापि पडदा काळा आहे. किंवा चित्र दिसते पण आवाज नाही, किंवा आवाज येतो आणि चित्र मात्र गोठून बसलेले. दुकानदार म्हणतो, कंपनीला फोन करा. कंपनी म्हणते, यंत्रात दोष नाही. मग दोष कुठे आहे, हे ठरवायचे कोणी? घरातील आठवीत शिकणाऱ्या मुलाने, असेच बहुधा उत्तर मिळते.

या प्रश्नाची मुळे संगणकाहूनही जुनी आहेत. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हिडिओ यंत्रे घरोघर दिसू लागली. गोव्यात तर आखाती देशांत नोकरीस असलेला मुलगा सुट्टीवर येताना ते खोके विमानातून मांडीवर घेऊन आल्यासारखा जपून आणी. लग्ने, मुंजी, चवथीची आरास, देवळाच्या जत्रेतील नाटके या साऱ्यांचे चित्रण त्या फितींवर झाले. आणि तेव्हाच पहिला धडा मिळाला. बीटामॅक्स ही पद्धत १९७५ साली आली, व्हीएचएस १९७६ साली. एकाची फीत दुसऱ्याच्या यंत्रात जातच नसे. अमेरिकेतून कोणी फीत पाठविली तर ती तेथील एनटीएससी पद्धतीची, ५२५ रेषांची. आपली पाल पद्धत ६२५ रेषांची. फीत धडधाकट, यंत्र धडधाकट, आणि पडद्यावर मात्र चित्र वरून खाली घरंगळत जाई. वस्तू दोन्ही निर्दोष असूनही त्यांचे एकमेकींशी जमत नाही, असा हा प्रकार आहे. आजच्या अनेक तक्रारी याच जातीच्या आहेत.

त्या फितींविषयी येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे, कारण हा विषय केवळ करमणुकीचा नाही. अनेक घरांत निवर्तलेल्या आजीचा चालताबोलता चेहरा आणि तिचा आवाज त्या अर्धा इंच रुंदीच्या फितीवर, आणि केवळ तेथेच, शिल्लक आहे. गावच्या जत्रेत ज्यांनी भूमिका केल्या ते बहुतेक नट आज हयात नाहीत. त्यांचे नाटक कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. व्हीएचएस यंत्रातील नळकांडे पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेते आणि त्यावरील सूक्ष्म शीर्षे फितीवरील चुंबकीय थर वाचतात. कोकण-गोव्याच्या पावसाळी दमट हवेत त्या थरावर पांढरी बुरशी धरते. अशी फीत उत्साहाच्या भरात यंत्रात घातली की शीर्षे माखतात, फीत घासली जाते आणि पुढची निरोगी फीतही बिघडते. म्हणून कडेच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर फीत लावूच नये. ती आधी जाणत्या माणसाकडून साफ करवून घ्यावी. यंत्रांचे म्हणाल तर ती बनविणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. आज जी यंत्रे चालतात ती जुनी आहेत आणि त्यांची संख्या दरवर्षी घटणारच आहे. ज्या कुटुंबास, ज्या नाट्यमंडळास आपल्या फिती संगणकावर उतरवून घ्यावयाच्या असतील, त्यांनी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये.

फितीनंतर तबकड्या आल्या. १९९३ च्या सुमारास ठरलेल्या व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांत येई आणि ऐन रंगात उठून तबकडी बदलावी लागे. डीव्हीडीने ती अडचण दूर केली, पण सोबत एक कुलूपही आणले. जगाचे विभाग पाडून प्रत्येकास क्रमांक देण्यात आला. भारत पाचव्या विभागात. युरोप, जपान आणि आखाती प्रदेश दुसऱ्या विभागात. दुबईच्या दुकानातून रीतसर पावती घेऊन आणलेली तबकडी म्हापशाच्या घरात चालत नसे, याचे कारण हे. संगणकातील खेळणी तर आणखी कडक. त्यांचा विभाग केवळ पाच वेळा बदलता येतो, त्यानंतर तो कायमचा पक्का होतो. पहिल्या चार वेळा कुतूहलाने बटण दाबणाऱ्या मुलाला ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते. पैसे देऊन घेतलेली वस्तू कोठे वापरावी हे विकणाऱ्याने ठरवावे, हे ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य म्हणता येणार नाही. पण खोक्याच्या मागील बाजूस पृथ्वीच्या चित्रातील तो लहानसा आकडा छापलेला असे, हेही खरे.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ मधून डीव्हीडी दाखविण्याची सोय मूळ प्रणालीतून काढून टाकण्यात आली. तबकडी तीच, संगणक नवा आणि अधिक महाग, पण चित्र नाही. अनेकांनी तबकड्या फडक्याने पुसून पुसून ओरखडे पाडून घेतले. वस्तुतः त्यासाठी लागणाऱ्या तंत्राचे हक्कशुल्क प्रत्येक संगणकामागे भरणे उत्पादकास परवडत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता. आज तर नव्या मांडीसंगणकांना तबकडीचा कप्पाच नसतो.

आता संगणकातील चित्रफितीकडे वळू. एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही अशी अक्षरे नावाच्या शेवटी दिसतात आणि ग्राहकाचा असा समज होतो की एक एमपीफोर चालली म्हणजे दुसरीही चालावी. येथेच गल्लत होते. ही अक्षरे केवळ डब्याचे नाव सांगतात; डब्यात काय भरले आहे ते सांगत नाहीत. बाहेरून सारखेच दिसणारे दोन पितळी डबे असावेत, एकात उकड्या तांदळाचा भात आणि दुसऱ्यात कोरडे पोहे असावेत, तसा हा प्रकार आहे. आत भरलेले चित्र अतिशय दाबून, संक्षिप्त करून ठेवलेले असते आणि ते दाबण्याच्या व पुन्हा उलगडण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. एच.२६४ ही रीत २००३ साली निश्चित झाली आणि ती जवळजवळ सर्वत्र चालते. २०१३ साली तिच्यापुढची एचईव्हीसी आली. ती जवळपास निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र बसविते. मात्र तिच्या हक्कांची मालकी अनेक कंपन्यांत विभागलेली असल्याने तिचा परवाना महाग आणि किचकट ठरला. २०१७ पासून आयफोनमध्ये या रीतीने चित्रण होऊ लागले. परिणामी परदेशातील मुलीने पाठविलेले नातवाचे चित्रण घरच्या संगणकावर उघडावे तर आवाज येतो, पडदा काळा. किंवा अमुक एक जोड विकत घ्या अशी सूचना झळकते. फोनचा दोष नाही, संगणकाचा नाही, मुलीचा तर नाहीच. अशा वेळी व्हीएलसी हा विनामूल्य कार्यक्रम उपयोगी पडतो. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये त्याचा आरंभ केला आणि २००१ पासून तो सर्वांसाठी खुला झाला. बहुतेक सर्व रीती उलगडण्याची सोय त्यात आतच असते. तो मात्र त्याच्या मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. त्याच्या नावाने भलतेच काही गळ्यात बांधणारी स्थळे पुष्कळ आहेत.

शिक्षकवर्गास यापेक्षा वेगळ्या अडचणी येतात. वर्गात प्रक्षेपक लावला, भिंतीवर चित्र उमटले, पण आवाज संगणकाच्या बारीक कण्यातूनच येतो आणि मागच्या बाकांवर गलका सुरू होतो. जुन्या निळ्या टोकाची, पंधरा खिळ्यांची व्हीजीए तार केवळ चित्र नेते. आवाज नेण्याची तिची रचनाच नाही. एचडीएमआय तार दोन्ही नेते, परंतु तेथेही आवाज कोणत्या दिशेस जावा हे संगणकास सांगावे लागते. दुसरी अडचण अधिक दुःखद आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक शिक्षकांनी परिश्रमपूर्वक निवडलेले सचित्र पाठ फ्लॅश या तंत्रावर आधारलेले होते. त्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून असे पाठ उघडणेच बंद झाले. हृदयाचे ठोके दाखविणारी आकृती आदल्या महिन्यापर्यंत चालत होती, ती एकाएकी राखाडी चौकोन होऊन बसली. शाळेने केलेल्या चुकीचा यात लेशही नव्हता. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या कचेऱ्यांत व शाळांत ती प्रणाली आहे त्यांनी ही तारीख दप्तरी नोंदवून पुढील तरतूद करणे इष्ट.

साहाय्यकेंद्रास दूरध्वनी केला की पहिली सूचना ठरलेली असते : यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. ग्राहक चिडतो. ही आपली बोळवण आहे असे त्यास वाटते. पण सूचना निरर्थक नाही. अनेक दिवस चालू राहिलेल्या संगणकाच्या स्मृतीत अर्धवट कामांचा पसारा साचतो आणि चित्र उलगडणारा एखादा भाग त्यात अडकून पडतो. नव्याने आरंभ केला की तो पसारा झाडला जातो. मात्र यात एक मेख आहे. विंडोज ८ पासून पुढच्या प्रणालींत ‘शट डाउन’ केल्यावर संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून प्रणालीचा गाभा तसाच साठवून ठेवला जातो. म्हणजे रोज रात्री इमानाने बंद करणाऱ्याचा पसारा खऱ्या अर्थाने झाडला जात नाही. ‘रीस्टार्ट’ केल्यासच तो जातो. ग्राहक म्हणतो, “दहा वेळा बंद केला”. पलीकडचा म्हणतो, “पुन्हा सुरू करून पाहा”. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांचेही डोके तापते.

पलीकडे बोलणारा तरुण बहुधा दूरच्या शहरात, समोर लिहिलेल्या प्रश्नांच्या क्रमाने बोलत असतो आणि त्यास प्रत्येक संभाषण लवकर आटोपण्याची घाई असते. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. दूरध्वनी करण्यापूर्वी यंत्राच्या पाठीवरील अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि पडद्यावर आलेल्या संदेशाचे नेमके शब्द कागदावर उतरवून घ्यावेत. “काहीतरी इंग्रजीत येते” या सांगण्याने कोणासही निदान करता येत नाही. संभाषणाच्या शेवटी तक्रार क्रमांक मागून घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी दुसराच माणूस बोलतो आणि त्यास काहीच ठाऊक नसते.

सर्वांत मोठा धोका मात्र साहाय्यकेंद्राचा क्रमांक शोधतानाच असतो. महाजालावर शोध घेतला असता पहिला दिसणारा क्रमांक कंपनीचाच असेल असे नाही. भामटे मुद्दाम असे क्रमांक पेरून ठेवतात. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो, खऱ्या केंद्राहून अधिक तत्परतेने उचलतो (यावरूनच खरे तर शंका यावी) आणि दुरून दुरुस्ती करण्याच्या मिषाने एक कार्यक्रम फोनवर चढवावयास सांगतो. त्यायोगे ग्राहकाच्या फोनचा पडदा त्यास दिसू लागतो. बँकेकडून आलेला गुप्त अंकही दिसतो. काळ्या पडद्याची तक्रार करावयास गेलेल्या निवृत्त माणसाची वर्षानुवर्षांची बचत काही मिनिटांत जाते. क्रमांक नेहमी खोक्यावरील अथवा बिलासोबतच्या पुस्तिकेतील घ्यावा. पडद्यावर भोंगा वाजवीत ‘आपला संगणक बिघडला आहे, या क्रमांकावर बोला’ असा फलक आला तर तो खोटाच समजावा. फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेस कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ते अडविता येणे शक्य असते, नंतर ते दुष्कर होते.

राहिला प्रश्न खऱ्याखुऱ्या सदोष यंत्राचा. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. घरबसल्या मागविलेल्या वस्तूसंबंधी विक्री संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे नियमाने बंधनकारक आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. गोव्यात उत्तर गोवा व दक्षिण गोवा जिल्ह्यांसाठी तो आहे. नव्या कायद्यातील मोलाचा बदल असा की तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडेही त्यास दाद मागता येते. कंपनी बंगळूरची असो वा दिल्लीची, काणकोणच्या माणसाला तेथवर जाण्याचे कारण उरलेले नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत तक्रारीस शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अर्जास बिलाची प्रत, वॉरंटीचा कागद, तक्रार क्रमांकांची तारीखवार यादी आणि बिघडलेल्या पडद्याचे छायाचित्र जोडावे. बिले कित्येकदा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात आणि वर्षभरात कोरी होतात, म्हणून घरी आल्याच दिवशी त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी.