दोन पडद्यांमधील गांधार

१९०३ च्या सुमारास, मिसिसिपी राज्यांतील टटवायलर स्थानकावर डब्ल्यू. सी. हँडी आगगाडीची वाट पाहत असतां, फाटक्या कपड्यांतील एक कृष्णवर्णी मनुष्य गिटारच्या तारांवर चाकू सरकवीत गात होता. पुढें ब्लूज म्हणून गाजलेलें तें विलक्षण संगीत हँडी विसरले नाहींत.

या पद्धतींत पुष्कळदां सहांपैकीं तीन तारा एकेक स्वर उतरवितात. मग जाड तारेपासून पंचम, षड्ज, पंचम, षड्ज, गांधार, पंचम असे सूर लागतात. मोकळ्या तारा छेडल्या तरी मेळ जमलेलाच! बोटांत घातलेली बाटलीची मान पांचव्या पडद्यावर आडवी टेकली, कीं तोच मेळ मध्यमावर, सातव्यावर, पंचमावर. मात्र तार दाबावयाची नाहीं, नुसता स्पर्श.

खरी मौज पुढेंच आहे. षड्जाच्या तारेवर तिसऱ्या पडद्यास कोमल गांधार, चौथ्यास शुद्ध. कापसाच्या शेतांत राबणाऱ्यांच्या गळ्यांतील गांधार बहुधा या दोहोंच्या मध्यें कोठें तरी. पडद्यावर नुसतें बोट ठेवून तो सांपडत नाहीं. कांच सरकली, कीं सांपडतो. मींड ऐकणाऱ्या श्रोत्यांस याचें नवल वाटणार नाहीं. सन हाउस यांच्या १९३० च्या ध्वनिमुद्रिकांत तर कंठ थांबतो तेथें उरलेलें वाक्य तारच पुरें करते.