हिशेब मागणे म्हणजे भांडण नव्हे
(उत्सवातील भाषणावरून)

मंडळी, सोसायटीच्या पैशांबद्दल संशय आला की आपण जिन्यात कुजबुजतो आणि सभेत गप्प बसतो. याच दिल्लीत बंद पडलेल्या गृहनिर्माण संस्था बनावट कागदांवर जिवंत करून डीडीएची जमीन लाटल्याचे प्रकरण उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सीबीआयकडे सोपवले. म्हणून कागद पाहावेत.

माझे सांगणे एवढेच : लेखापरीक्षण अहवाल, बँकेचे उतारे, कामांची दरपत्रके लेखी मागा, पोच घ्या. उत्तर न आल्यास चारजणांच्या सह्यांनी निबंधकाकडे जा. दिल्लीतील सहकारी संस्थांना २००३ चा कायदा आहे, नोएडात २०१० चा अपार्टमेंट कायदा, गुरुग्रामला हरयाणाचा २०१२ चा. मात्र पुराव्याआधी कोणाला चोर म्हणू नका. शेजार रोजचा आहे. प्रामाणिक खजिनदाराला हिशेब दाखवण्यात कमीपणा वाटत नाही, उलट त्याचेच नाव राखले जाते.