दुसरी वही
(संगणक शिकणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मदत केंद्रांच्या संगणकात आता मारहाण झालेल्या बायांचे जबाब असतात, पत्ते असतात. ते भलत्याच्या हाती लागले तर जिवावर बेतेल. म्हणून हा विषय 'इंजिनिअर पुरुषांचा' म्हणून सोडता येत नाही.

प्रोग्रॅम एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळतो, तेव्हा परत कुठे यायचं तो पत्ता 'स्टॅक'वर लिहून ठेवतो. घुसखोर तोच पत्ता बदलतो. यावर उपाय शॅडो स्टॅक. प्रोसेसर त्याच पत्त्याची दुसऱ्या वहीत नोंद ठेवतो. साध्या आज्ञेने त्या वहीत लिहिता येत नाही. परतताना दोन्ही नोंदी ताडतो. जुळल्या नाहीत तर प्रोग्रॅम तिथेच थांबवला जातो. इंटेलच्या प्रोसेसरांत ही सोय २०२० साली आली. लिनक्स कर्नेलसाठीचे सुरुवातीचे मसुदे २०१८चे, पण ते स्वीकारून आवृत्ती निघायला ऑक्टोबर २०२३ उजाडला.

मधल्या काळात तपासणी चालू होती. काय तपासत होते? दुसऱ्या वहीची पानं ओळखायला इंटेलने खूण ठरवली: 'लिहायला मनाई' आणि तरीही 'लिहिलेलं'. अशी जोडी एरवी कशाला होईल? पण लिनक्समध्ये ती होत होती! चालू प्रोग्रॅमची प्रत निघते, तेव्हा दोघांत पानं सामाईक राहतात आणि त्यांवर लिहायला मनाई होते. 'लिहिलेलं' ही जुनी खूण मात्र तशीच. म्हणजे साधं पान दुसऱ्या वहीचं ठरलं असतं. म्हणून ती खूण वेगळ्या जागी जपावी लागली. २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीसाठी हे काम आलं, तेव्हाही लिनस टोरवाल्ड्स यांनी पानांच्या हाताळणीवर आक्षेप घेतले. सुधारून ते ६.६ मध्ये आलं.

तपासणारीने विचारायचं ते हेच: कुलूप चांगलं आहे, पण या घराच्या जुन्या सवयींशी त्याचं जमेल का?

आणखी एक. निवडणं, पाखडणं ही घरातली कामं कुणी मोजत नाही. कर्नेलमध्ये मात्र तपासणाऱ्याचं नाव त्या बदलासोबत कायमचं नोंदलं जातं. तेव्हा "जरा बघून दे गं" म्हणून कुणी काम सांगितलं, तर नाव घालायला सांगा. आणि न वाचता सही करू नका. दाखवतील तिथे अंगठा उठवून आपल्या आज्यांनी जमिनी गमावल्या आहेत.