राजरत्ने आणि त्यांची नोंद
(देवस्थानच्या वर्धापनोत्सवात केलेले भाषण)



राजघराण्यांतील अलंकारांविषयी बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी जन्मभर दप्तरात वावरलेला मनुष्य. रत्नाच्या तेजाआधी त्याच्या नोंदीकडे माझी दृष्टी जाते, ही सवय आपण सांभाळून घ्यावी.

बडोद्याच्या गायकवाडांचेच उदाहरण घेऊ. 1853 साली ब्राझीलमध्ये सापडलेला आणि पैलू पाडल्यावर 128 कॅरटांहून अधिक भरलेला हिरा या घराण्यात आला. पोर्तुगीजांत त्याचे नाव ‘इश्त्रेल दु सुल’, म्हणजे दक्षिणेचा तारा. तो सापडला त्या गावानेही पुढे हेच नाव धारण केले.

परंतु 1856 ते 1870 पर्यंत राज्य केलेल्या खंडेराव महाराजांची खरी निर्मिती म्हणजे मोत्यांचा गालिचा. मदिनेस पैगंबरसाहेबांच्या कबरीवर अर्पण करण्याच्या संकल्पाने एका हिंदू राजाने तो 1865 च्या सुमारास करविला. मृगाजिन व रेशीम यांवर आखातातील बारीक मोती बसविले; त्यांची संख्या पंधरा-वीस लाख सांगतात. मध्ये हिऱ्यांची पुष्पे, शिवाय माणके, नीलमणी, पाचू. संकल्प सिद्धीस जाण्यापूर्वीच महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यासच राहिला. 1902-03 च्या दिल्ली प्रदर्शनात तो मांडला होता. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर मोनाकोस गेला व 2009 साली दोहा येथील लिलावात सुमारे 55 लाख डॉलरांस विकला गेला. अर्पण करावयाची वस्तू बाजारात गेली, याची मला हळहळ वाटते.

याच घराण्याचा सातपदरी मोतीहार प्रसिद्ध होता. 2007 साली न्यूयॉर्कच्या लिलावात आला तेव्हा त्यातील दोनच पदर होते, टपोरे 68 मोती. किंमत सुमारे 71 लाख डॉलर. आता पाहा, जामदारखान्याच्या वहीत नुसते ‘मोत्यांचा हार, एक’ असे लिहिलेले असते, तर साताचे दोन पदर झाल्यावरही ती नोंद खरीच ठरली असती!

आपल्या देवीच्या दागिन्यांचा जुना इन्व्हेंतार मी गेल्या महिन्यात वाचला. अक्षर अतिशय सुंदर. पण त्यातही ‘मोत्यांची माळ, एक’ एवढेच. वजन नाही, पदर नाहीत, मोत्यांची संख्या नाही. कोणाच्या सचोटीविषयी मला शंका नाही. माझे आजोबाही एकेकाळी त्या पेटीची किल्ली बाळगीत. तरीही माझी विनंती अशी की, येत्या जत्रेपूर्वी पेटी उघडेल तेव्हा सोनाराचा काटा आणि छायाचित्रकार दोन्ही हजर असावेत, आणि नव्या यादीवर अध्यक्ष, खजिनदार व मुखत्यार यांनी तेथेच सह्या कराव्यात. मोती मोजावयास मी बसेन. चष्मा नुकताच नवा केला आहे.