फोटोतले भूत आणि पुरावा

फोटोत पांढरा गोल डाग दिसला की कुणी त्याला रूह म्हणतो, कुणी भूत. वास्तविक फ्लॅश भिंगाजवळ असला की समोरचा धुळीचा कण उजळतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे मोठा, गोल दिसतो. शटर जास्त वेळ उघडे राहिले तर चालता माणूस पारदर्शक उमटतो. हे कॅमेऱ्याचे गुणधर्म. यात लबाडी नाही.

लबाडी निराळी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील क्रू गावचा विल्यम होप शोकाकुल कुटुंबांना मृत आप्तांचे चेहरे फोटोत दाखवीत असे. १९२२ साली हॅरी प्राइस यांनी क्ष-किरणांनी गुप्त खूण केलेल्या काचा त्याला दिल्या. 'आत्मा' उमटलेल्या काचेवर ती खूणच नव्हती! काच बदलली होती.

म्हणून असा फोटो कुणी दाखविला तर दोन गोष्टी करा. त्याच जागी, तशाच उजेडात पुन्हा फोटो घ्या. डाग पुन्हा आला तर कारण कॅमेऱ्यात शोधा. आणि मूळ फोटो आरंभापासून कुणाच्या हाती होता, हे विचारा. याचे उत्तर मिळेपर्यंत तो पुरावा नव्हे.

दुःखात माणूस भोळा होतो, हे फसविणारा जाणतो. अशा वेळी घरातल्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने अदबीने हा प्रश्न विचारला, तर शिक्षणाचे चीज झाले.