'शाळा नाही, तर फुटबॉल नाही' आणि माझी लाल शीट

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. मधले 'अं' आणि खोकला तेवढा काढलाय.)

मागच्या वेळी म्हटलं होतं की या एपिसोडमध्ये नोकरी बदलण्यावर बोलू. ते पुढे ढकलतोय, सॉरी. आज डोक्यात दुसरंच काहीतरी आहे.

माझ्या जुन्या श्रोत्यांना माहितीये, मी शनिवार-रविवार एका ग्राउंडवर जातो. आमच्याकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये, एक छोटी संस्था वस्तीतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते आणि सोबत अभ्यास घेते. शनिवारी संध्याकाळी वर्ग, रविवारी सकाळी खेळ. मला फुटबॉल येत नाही. मी गणित घेतो.

तर तिथे मी एक शहाणपणा केला. हजेरी वहीत लिहायचे, ती मी शीटवर आणली. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. वर्गाला लागोपाठ दोन दांड्या पडल्या की नाव लाल होणार आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप मेसेज जाणार: 'या रविवारी खेळता येणार नाही.' सगळ्यांनी कौतुक केलं. मीही खूश. इंजिनिअरला अजून काय पाहिजे?

हा नियम माझ्या डोक्यातून आलेला नव्हता. मुंबईत कफ परेडला, त्या उंच बिल्डिंगांच्या सावलीत, आंबेडकर नगर नावाची वस्ती आहे. तिथल्या अशोक राठोड या तरुणाने २००६ मध्ये १८ मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. अशोक त्याच वस्तीत वाढलेला. वडील ससून डॉकवर काम करायचे. त्याच्या बरोबरीची मुलं शाळा सोडून डॉकवर कामाला लागत होती, मग हातात पैसे, मग पत्ते, दारू, लवकर लग्न. हे त्याने डोळ्यासमोर बघितलेलं. त्याने सुरू केलेली संस्था म्हणजे ऑस्कर फाउंडेशन. नावाचा सिनेमाच्या बाहुलीशी संबंध नाही. सामाजिक बदल, जागरूकता आणि जबाबदारी, या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत.

त्यांचा नियम मोजक्या शब्दांचा: शाळा नाही, तर फुटबॉल नाही.

किती सोपा आहे ना! मुलाला बॉल हवाय, तुम्हाला त्याने शाळेत जायला हवंय. सौदा. मला तर हा नियम बघून प्रोग्रॅमिंगमधलं 'इफ-एल्स' आठवलं. आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली.

आमचा गोलकीपर आहे, आठवीतला. नाव सांगत नाही. उडी अशी मारतो की बघत राहावं. हा मुलगा शनिवारच्या वर्गाला येईना. दोन शनिवार झाले, नाव लाल, मेसेज गेला. रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्याही नाही. मी शीट बघून काय म्हटलं असेल? 'नियम पाळला जातोय.' आता हे आठवलं की लाज वाटते.

आमच्याकडे मोठ्या मुली-मुलांमधूनच कोच तयार होतात. एक ताई आहे, वय वीस, बीकॉमला आहे, पाच वर्षांपूर्वी ती याच ग्राउंडवर खेळायला आली होती. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण सगळी तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. शीट आली तरी तिने स्वतःची वही सोडली नव्हती. ती मला म्हणाली, "दादा, तुमच्या शीटमध्ये तो आला नाही हे आहे. का आला नाही, ते कुठंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसा कॉलमच नव्हता.

ती मला घेऊन त्याच्या घरी गेली. त्याचे वडील गवंडीकाम करतात, परांचीवरून पडून पाय मोडला होता. आईची भाजीची गाडी. शनिवारची संध्याकाळ म्हणजे भाजीच्या धंद्याची सगळ्यात मोठी वेळ, आणि माल उचलायला-मोजायला हा पोरगा. मेसेजचं विचारलं तर आई म्हणाली, "मेसेज? मला कुठं वाचता येतं, सर. हा म्हणला, ग्राउंड बंद आहे सध्या." पोराने मेसेज बघितला, डिलीट केला, आणि आईला दुसरंच सांगितलं. आईला वाईट वाटू नये म्हणून. तेरा वर्षांचा मुलगा, यार.

म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं उभं केलंय, त्यालाच माझ्या नियमाने बाहेर काढलं. जो शनिवारी मोबाईलवर गेम खेळत बसतो, तो दोन दांड्या पडायच्या आत बरोबर हजर होतो. अडकतो तो गाडीवर उभा असलेला.

त्यानंतर मी अशोक राठोडची गोष्ट पुन्हा वाचली आणि या वेळी दुसरं दिसलं. अशोक त्याच वस्तीतला होता. कोणता मुलगा शाळेत गेला नाही आणि डॉकवर गेला, हे त्याला कळायला शीट लागत नव्हती, कारण ती त्याची गल्ली होती. ऑस्करच्या कामाचा कणा म्हणजे त्यांचे 'यंग लीडर्स'. आधी खेळलेली मुलं मोठी होऊन लहानांना फुटबॉलही शिकवतात आणि अभ्यासाच्या मागेही लागतात. मुलींना मैदानावर आणताना तर घराघरात बोलावंच लागतं. हाफ पँट घालून मुलगी पळणार म्हटल्यावर घरचे काय म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे पोस्टर कामाचं नाही, ओळखीचं माणूस लागतं.

आता दुसरं उदाहरण सांगतो, ते महाराष्ट्राबाहेरचं आहे, पण माझ्या डोक्यातून जातच नाही. झारखंड. रांचीजवळ ओरमांझी. फ्रान्झ गॅस्लर नावाचा अमेरिकन तरुण तिकडे काम करत होता, इंग्रजी शिकवत होता. एका मुलीने सांगितलं, मला फुटबॉल खेळायचंय. त्यातून २००९ मध्ये 'युवा' ही संस्था सुरू झाली. तिथे मुलींची लग्नं फार लवकर होतात. मुली रोज सरावाला यायला लागल्या, टीममध्येच एकमेकींना धरून ठेवायला लागल्या, आणि मोठ्या मुली कोच झाल्या. एखादी आली नाही की मैत्रिणी तिच्या दारात.

२०१३ मध्ये या मुलींची टीम स्पेनला खेळायला जाणार होती. पासपोर्टसाठी जन्मदाखला हवा. दाखला आणायला गेल्यावर त्यांना झाडू मारायला लावलं, थप्पड मारली, असं मुलींनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. तरी गेल्या. तिथे गास्तेइस कपमध्ये तिसऱ्या आल्या! विचार करा, एका कागदासाठी अपमान सहन करून पुढच्या काही आठवड्यांत मेडल.

पण मला मेडलपेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या लक्षात आलं की मुली मैदानावर तयार होतायत आणि शाळेत मात्र काही शिकतच नाहीयेत. म्हणून २०१५ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. २०१९ मध्ये लॉरियसचा 'स्पोर्ट फॉर गुड' पुरस्कार मिळाला, तो घ्यायला मोनॅकोच्या स्टेजवर मुलीच होत्या. २०२१ मध्ये तिथल्या एका मुलीला हार्वर्डमध्ये पूर्ण स्कॉलरशिप मिळाली, ती बातमी तुम्ही बघितली असेल, खूप व्हायरल होती.

इथे एक सांगतो. हार्वर्डची बातमी मला आवडते, पण तिने माझा थोडा घोळही होतो. अशी एक गोष्ट आली की आपण सगळी मुलं त्याच पट्टीने मोजायला लागतो. आमच्या ग्राउंडवरून कोणी हार्वर्डला जाणार नाहीये. कोणी आयटीआयला जाईल, कोणी दहावीला दुसऱ्या झटक्यात पास होईल. चालेल की.

नागपूरच्या विजय बारसे सरांचं नाव तर तुम्हाला 'झुंड'मुळे माहिती आहेच. २०२२ चा सिनेमा, अमिताभ बच्चन वगैरे. सिनेमात मॅचेस दिसतात, साहजिक आहे. पण त्यांच्या स्लम सॉकरचा 'एज्युकिक' नावाचा उपक्रम आहे, त्यात फुटबॉल खेळता खेळताच गणित आणि इंग्रजी शिकवतात. गणित मैदानावर! मी मात्र शनिवारी बंद खोलीत फळ्यावर बीजगणित घेत बसायचो आणि वर म्हणायचो, मुलांना रस नाही.

ही सगळी भानगड जुनी आहे बरं का. अमेरिकेत १९६९ मध्ये आर्थर अ‍ॅश या टेनिसपटूने चार्ली पासारेल आणि शेरिडन स्नायडर यांच्यासोबत गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी 'नॅशनल ज्युनिअर टेनिस लीग' सुरू केली. ती अजून चालू आहे, आद्याक्षरंही तीच आहेत, फक्त शेवटच्या 'एल'चा अर्थ बदलला. आधी लीग होता, आता लर्निंग आहे. मला हे भारी वाटतं. युवाच्याही आधी तिकडे असंच झालेलं दिसतं. खेळ पहिल्यांदा आला, आणि शिक्षण नावात शिरलं ते मागाहून.

बरं, आमच्या गोलकीपरचं काय झालं? लगेच परत आला नाही. ताई तीन वेळा गेली. मी एकदा सॉरी म्हणायला गेलो, तर तो गाडीमागे वाकून बटाटे निवडत बसला, वर बघेचना. मला वाटलं गेला हा हातातून. सहामाहीत त्याचं गणित राहिलं. त्यात माझा वाटा आहे, मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

नियम काढून टाकावा का, यावर आमची बरीच वादावादी झाली. माझं मत होतं काढून टाका. मला अपराधी वाटत होतं ना! ताई म्हणाली, "नियम राहू दे दादा. माझ्या घरी मी हाच नियम दाखवून कॉलेजला गेले. कोच सोडत नाही, असं सांगायचे वडिलांना. पण लाल करायच्या आधी कोणीतरी घरी जायचं. आणि खेळायला मिळणार नाही हे तोंडावर सांगायचं, फोनवर नाही." खरं सांगू का, हे मला सुचलंच नसतं. मी बाहेरून येतो. त्या नियमाचा आधार घेऊन कोणी घरात भांडू शकतं, हे ती जगली होती.

मग बदल केले. स्क्रिप्टमधला मेसेज बंद. शीटमध्ये 'का?' नावाचा कॉलम, तो हातानेच भरायचा, आणि भरल्याशिवाय नाव लाल होत नाही. घरी जाणाऱ्या कोचला संस्था आता थोडं मानधन देते. हे मी मुद्दाम सांगतोय. अशा कामात सगळ्यात जास्त चालणारी व्यक्ती बहुतेक वेळा विशीतली असते, तिची स्वतःची परीक्षा असते, आणि सगळे तिला 'ताई, तू किती ग्रेट आहेस' म्हणून घरी पाठवतात. कुठल्या संस्थेला पैसे देणार असाल तर नक्की विचारा, तुमच्या कोचला किती देता?

आणि शनिवारचा दुसरा वर्ग आता साडेआठला असतो, गाड्या बंद झाल्यावर. पाच जण येतात. गोलकीपर दिवाळीनंतर आला, काही न बोलता मागच्या बाकावर बसला. मीही काही बोललो नाही, वही पुढे सरकवली. अपूर्णांक अजून कच्चे आहेत, पण पावकिलो-अर्धाकिलोचा हिशोब तोंडी माझ्यापेक्षा फास्ट करतो. रविवारी पहिल्याच मॅचला तीन गोल खाल्ले त्याने. प्रॅक्टिस नव्हती ना.

चला, वेळ झाली. तुमच्यापैकी कोणी असं काही करत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत प्लीज. नोकरी बदलण्याचा एपिसोड पुढच्या आठवड्यात, या वेळी खरंच. भेटू!