बिल्ला आणि कमाई



सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या मातीत कुस्तीचे वेड पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. गावची यात्रा म्हटली की देवाची पालखी आणि पाठोपाठ कुस्त्यांचा फड, हा क्रम ठरलेलाच. फडाच्या आरंभी चिमुकली पोरे लंगोट लावून मातीत उतरतात. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. जिंकलेले पोर मूठभर रेवड्या घेऊन गर्दीतून वाट काढीत घरच्या माणसांकडे धावते, त्या वेळी त्याच्या मुखावर जे तेज असते ते चांदीची गदा खांद्यावर घेणाऱ्या मल्लाच्या तेजाहून तिळभरही उणे नसते.

आज त्याच वयाचा मुलगा ओसरीवर वडिलांचा मोबाईल घेऊन बसलेला दिसतो. खेळता खेळता पडद्यावर एक सोनेरी चषक उमटतो, खाली चार अक्षरे झळकतात, आणि त्याच्याही मुखावर तेच तेज पसरते. दुसरे दिवशी शाळेत तो मित्रांना मिळालेल्या चषकांची संख्या सांगतो. वर्गातील गुरुजी हे ऐकतात आणि त्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो : हे चषक, हे बिल्ले खरोखर मिळविण्याच्या योग्यतेचे आहेत काय? की तो केवळ काळाचा अपव्यय होय?

या प्रश्नाला घाईने उत्तर देणे सोपे आहे. ‘मोबाईल वाईट’ असे फर्मान काढले की गुरुजींचे काम संपते. परंतु मुलाचे संपत नाही. म्हणून ही चीज काय आहे, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

व्हिडिओ गेमच्या कंपन्यांनी खेळाडूंचा गौरव करण्याची प्रथा काही आजची नव्हे. अमेरिकेतील अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी १९८० नंतरच्या दशकात, ठराविक गुणसंख्या गाठून दूरचित्रवाणीच्या पडद्याचे छायाचित्र टपालाने पाठविणाऱ्या खेळाडूस भरतकाम केलेला कापडी बिल्ला पाठवीत असे. पुढे २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रावर प्रत्येक खेळात साध्य केलेल्या गोष्टींचे गुण एकत्र नोंदविण्याची पद्धत आली. २००८ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर कांस्य, रौप्य, सुवर्ण व प्लॅटिनम अशा ट्रॉफी सुरू झाल्या. खेळातील बाकी सर्व ट्रॉफी मिळविल्यावाचून प्लॅटिनम हाती येत नाही. आज तीच कल्पना निरनिराळ्या रूपांनी मोबाईलवरील खेळांत उतरलेली आहे. कोठे तिला पदक म्हणतात, कोठे बिल्ला, कोठे श्रेणी. नावे वेगळी, तत्त्व एकच.

या बिल्ल्यांचे मुलांना एवढे आकर्षण का वाटावे? कारण उघड आहे. काम लहान लहान टप्प्यांत वाटलेले असते. पुढचा टप्पा कोणता, हे स्पष्ट दिसते. तो गाठताच कौतुक तत्काळ होते, उद्यावर टाकले जात नाही. चूक झाली तर कोणी हसत नाही; पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा असते. आणि मुख्य गोष्ट ही, की वर्गात पहिला येण्याचा मान चाळीस मुलांपैकी एकालाच मिळतो; येथे मात्र चिकाटीने खेळणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही मिळतेच. शेवटच्या ओळीत बसणारे जे मूल वर्षानुवर्षे ‘शाब्बास’ हा शब्द ऐकत नाही, त्याला तो शब्द प्रथम एखाद्या यंत्राकडून ऐकावयास मिळत असेल, तर दोष केवळ यंत्राचा कसा म्हणावा?

तथापि आकर्षण असणे आणि योग्यता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिल्ल्याची योग्यता कशी पारखावी, याचा उत्तम दाखला कराडजवळील गोळेश्वर या गावाने घालून दिलेला आहे. खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ साली येथे झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते प्रथम उतरले. आयुष्यभर मातीत खेळलेल्या या मल्लाला तेथे गादीवर खेळावे लागले. त्यांचा सहावा क्रमांक आला; पदक मिळाले नाही. परंतु गादीवरील कुस्तीची रीत त्यांनी जाणून घेतली, आणि त्या ज्ञानावर पुढील चार वर्षे मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. असे दुसरे पदक देशाला मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

पदक घेऊन ते परतले तेव्हा त्यांच्या स्वागतास १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाल्याची आठवण सांगितली जाते. मिरवणूक एका दिवसाची. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीस लागले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. म्हणजे मानसन्मानाच्या बाबतीत जगाने हात आखडताच घेतला. तरी खाशाबांची कमाई कमी झाली काय? मुळीच नाही. लंडनला पदक नव्हते, पण कमाई होती. हेलसिंकीला पदक आले ते त्या कमाईची साक्ष म्हणून. साक्षीदार नाहीसा झाला तरी घडलेली गोष्ट खोटी ठरत नाही.

तेव्हा कसोटी ही : बिल्ला काढून घेतला, तर मुलाच्या हाती काय उरते? काही उरत असेल, तर तो बिल्ला मिळविण्यास योग्य. काहीच उरत नसेल, तर तो रिकामा डबा होय, मग तो कितीही सोनेरी असो.

ही कसोटी व्यक्तीप्रमाणे गावालाही लागू पडते. २०१६ साली पानी फाउंडेशनने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही पाणलोटाच्या कामांची स्पर्धा प्रथम घेतली. त्या वर्षी राज्यातील तीन तालुके तीत होते व साताऱ्यातील कोरेगाव हा त्यांपैकी एक. या तालुक्यातील वेळू या गावाने पहिला क्रमांक मिळविला. ऐन उन्हाळ्यात लोकांनी श्रमदान केले, चर खणले, बांध घातले. करंडकाच्या ईर्षेने माणसे घराबाहेर पडली, हे खरे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु करंडक कपाटात ठेवला तरी चर रानातच राहतात आणि पावसाचे पाणी त्यांतच अडते. ईर्षा ही येथे बैलाच्या पुढे धरलेल्या वैरणीसारखी होती. नांगरट मात्र खरी झाली.

आता पडद्यावरील बिल्ल्यांकडे वळावे. ते सारे एका मापाचे नसतात. त्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार कौशल्याचा. अवघड कोडे सोडविणे, बुद्धिबळाचा डाव ठराविक चालींत जिंकणे, एखादा टप्पा न चुकता पार करणे, हे त्यात येते. येथे विचार, धीर व हाताची सफाई यांची काही कमाई होते. दुसरा प्रकार केवळ मोजणीचा. तेच काम हजार वेळा करा, सलग शंभर दिवस खेळ उघडा, एक दिवस चुकला की साखळी तुटली. येथे खेळाडू काही शिकत नाही. फक्त खेळ त्याला सोडीत नाही. तिसरा प्रकार पैशाचा. पोशाख, शस्त्र किंवा श्रेणी विकत घेतल्यावाचून पुढे जाताच येत नाही. ही तर कुस्ती न करताच विकत घेतलेली रेवडी.

पहिल्या प्रकारचे बिल्ले फावल्या वेळेच्या मर्यादेत मुलाने मिळविले, तर त्यात वावगे काही नाही. खेळातील आनंद हाही एक लाभच आहे. दुसऱ्या प्रकारापासून त्याला परावृत्त करावे आणि तिसऱ्यापासून निक्षून दूर ठेवावे.

वेळेचा हिशेब मात्र प्रत्येक प्रकारात करावा लागेल. रोज पाऊण तास खेळणारा मुलगा वर्षात सुमारे २७४ तास खेळतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान ८०० तासांचे अध्यापन ठरविलेले आहे. म्हणजे शाळेच्या एक तृतीयांशाहून अधिक काळ त्या खेळाने घेतला. हे गणित गुरुजींनी फळ्यावर सांगण्यापेक्षा मुलांकडूनच करवून घ्यावे. स्वतः काढलेले उत्तर मनाला अधिक लागते.

येथे शिक्षकांनी स्वतःच्या घरातही डोकावून पाहिले पाहिजे. शाळेतील प्रशस्तिपत्रे, तारे, बिल्ले हेही त्याच जातीचे आहेत. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. रंगीत पेनांनी आवडीने चित्रे काढणाऱ्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटास ‘चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले. दुसऱ्यास न सांगता शेवटी प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्यास काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील मुले मोकळ्या वेळात चित्रकलेकडे इतरांच्या सुमारे निम्माच वेळ वळत होती. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. बक्षिसाची लालूच आधी दाखविली की आवडीचे काम मजुरी वाटू लागते, हा त्यातील बोध. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत ‘यादीत नाव आले पाहिजे’ एवढेच जे मूल ऐकते, त्याची गणिताची गोडी यादी लागल्यावर टिकली काय, हे प्रत्येक गुरुजींनी स्वतःला विचारून पाहावे.

मग बंदी घालावी काय? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक निराळी वाट धरली. कोरोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवावयाचा आणि दीड तास गावातील दूरचित्रवाणी व मोबाईल बाजूस ठेवावयाचे, असे ग्रामस्थांनी ठरविले. सुरुवातीस काहींनी थट्टा केली. परंतु शिक्षक व पंच घरोघर फिरले. या प्रयोगाचे मर्म भोंग्यात नाही. वडीलमाणसांनी स्वतःचा मोबाईलही खाली ठेवावयाचा होता, यात ते आहे. जी शिस्त मोठे पाळतात तीच लहानांच्या अंगी उतरते. शिवाय ती दीड तासाची होती, जन्माची नव्हे. खेळाला जागा ठेवून अभ्यासाला जागा करून देणारी होती.

शिक्षकांना वर्गात करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली : बिल्ल्यांची कुचेष्टा करू नये. आठवड्यातून एकदा दोन मुलांना उभे करून, त्यांनी मिळविलेला एखादा कठीण बिल्ला कसा मिळविला, किती वेळा हरले, युक्ती कोणती केली, हे क्रमवार सांगावयास लावावे. भाषेचा उत्तम पाठ होतो. ज्या बिल्ल्याविषयी सांगण्यासारखे काहीच सापडत नाही, तो कोणत्या प्रकारचा होता, हे मूल आपोआप ओळखते.

दुसरी : खेळाने जी हातोटी साधली ती अभ्यासातही आणावी. मोठे काम लहान टप्प्यांत वाटावे, टप्पा गाठताच दाद द्यावी, चुकल्यास हसू न देता पुन्हा संधी द्यावी. पाढे, शुद्धलेखन, प्रकट वाचन, सर्वत्र हे शक्य आहे.

तिसरी : शाबासकी द्यावी ती क्रमांकाला नव्हे, कमाईला. ‘तू पहिला आलास’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आज आली’ असे म्हणावे. आणि ती शाबासकी अवचित द्यावी, आमिष म्हणून टांगू नये.

तालमीत वस्ताद नव्या पोराला प्रथम डाव शिकवीत नाही. माती उकरावयास लावतो, जोर-बैठका काढावयास लावतो. पोर कंटाळते, रेवड्या केव्हा मिळणार असे विचारते. वस्ताद त्याच्या दंडावर थाप मारून म्हणतो, बघ, महिन्यापूर्वी असा होता का? पोर स्वतःच्या दंडाकडे पाहते आणि पुन्हा मातीत उतरते. शेवटच्या ओळीतील त्या मुलाला यंत्राने पुष्कळ चषक दिले असतील; पण त्याचा दंड दाखवून देणारे त्याला अजून कोणी भेटलेले नाही. ते काम त्याच्या गुरुजींचे आणि बाईंचे आहे.